चिलखताची कडी: जोड कसा वाचावा

मंडळाच्या मागच्या बैठकीत मी माझं चिलखत टेबलावर ठेवलं आणि तोंड उघडायच्या आधीच तिघांनी एकच प्रश्न विचारला, "वजन किती?" मी म्हटलं, पावणेसात किलो. खोलीत जरा नाराजी पसरली. लोकांना वीस-पंचवीस किलो ऐकायचं असतं. एक ज्येष्ठ सदस्य तर हसून म्हणाले, "मग हे खेळण्यातलं दिसतंय."

त्यांना तिथल्या तिथे नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून हा लेख. मी इतिहासाचा पदवीधर नाही. मेकॅनिकल इंजिनिअर, तीसेक वर्षं उद्यमबागेत लेथ, प्रेस आणि कास्टिंग यांच्यात गेली. गेली काही वर्षं जुनी चिलखतं कशी बनत होती ते स्वतः करून पाहण्याचा नाद लागला आहे. पुस्तकातून जे कळलं नाही, त्यातलं बरंच हाताला फोड आल्यावर कळलं. त्यातलं मुख्य एकच आहे: चिलखत बघताना वजन बघू नका, नक्षी बघू नका, एक कडी घ्या आणि तिचा जोड बघा.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. चिलखत म्हटलं की सिनेमातला छातीवरचा चकचकीत पत्रा डोळ्यांसमोर येतो. आपल्याकडे पत्रे होते, नाही असं नाही. 'चार-आयना' म्हणजे छाती, पाठ आणि दोन कुशी झाकणारे चार पत्रे. आयना म्हणजे आरसा, इतके ते घासून लखलखीत करत. मनगटापासून कोपरापर्यंत दस्ताने होते. पण या सगळ्याच्या खाली, अंगालगत मुख्य काम करणारी गोष्ट म्हणजे लोखंडी कड्यांचा विणलेला सदरा. फारसीत त्याला जिरह म्हणतात. आपला 'जिरेटोप' तिथूनच आला. जिऱ्याचा टोप म्हणजे कड्यांचा टोप, किंवा ज्याला मानेवर कड्यांची झालर सोडली आहे असा टोप. आज मुलांच्या डोक्यावर मखमली टोपी घालून आपण तिला जिरेटोप म्हणतो. हरकत नाही, शब्द असेच फिरतात, पण मूळ लोखंडाचं आहे हे माहीत असावं.

'चिलखत' या शब्दाची गंमत उलटी आहे. ऐन-ई-अकबरीत अकबराच्या शस्त्रागाराची यादी आहे. तीत जिरह, बख्तर, चार-आयना, दस्तवाना यांच्याबरोबर 'चिहलकद' नावाचा एक अंगरखा येतो. चिहल म्हणजे चाळीस. म्हणजे अनेक पदरांचा, जाड भरीव अंगरखा. आपला चिलखत हा शब्द याच घराण्यातला. जो शब्द आज आपण लोखंडासाठी वापरतो त्याच्या पोटात कापूस आहे, हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

आमच्या भागातले वीरगळ बघत फिरणाऱ्यांना एक गोष्ट जाणवली असेल. त्यांवरचे बहुतेक वीर उघड्या अंगाने लढताहेत. कमरेला वस्त्र, हातात ढाल-तलवार, बस. बेळगाव ही रट्टांची राजधानी होती आणि किल्ल्यातली कमलबस्ती १२०४ सालची, त्या काळापासूनचे वीरगळ पाहिले तरी अंगभर लोखंड क्वचितच दिसतं. कड्यांचं चिलखत दख्खनमध्ये जोरात आलं ते घोडदळाबरोबर, बहमनी आणि नंतर आदिलशाही काळात. विजयनगरकडेही तयारी कमी नव्हती. १५२० च्या सुमारास तिथे आलेला पोर्तुगीज व्यापारी दोमिंगो पाइश सैनिकांच्या कापूस भरून शिवलेल्या अंगरख्यांचं आणि कातड्यावर लोखंडी पट्ट्या लावलेल्या चिलखतांचं वर्णन करतो. म्हणजे आपल्या सीमेच्या दोन्ही अंगांना कापूस, कातडं आणि लोखंड अशी तिन्ही सरमिसळ चालू होती.

मग ही चिलखतं गेली कुठे? काही युद्धातच गेली. विजापूर १६८६ मध्ये पडलं, १६८९ मध्ये अदोनी पडली. अदोनीच्या मोहिमेत बिकानेरचा राजा अनूपसिंह मोगलांकडून होता. तिथली दख्खनी हत्यारं त्याने उचलून नेली आणि ती बिकानेरच्या जुनागडात राहिली. आज दख्खनी कारागिरीचा अभ्यास करायचा तर वाळवंटात जावं लागतं! जे इथे उरलं त्यावर पुढे इंग्रजांची हत्यारबंदी आली. मुधोळजवळच्या हलगलीच्या बेरडांनी १८५७ मध्ये त्याच कारणाने उठाव केला, हे आपल्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे वाड्यावाड्यांत उरलेला एखादा तुकडासुद्धा मोलाचा आहे, आणि तो चुकीचा वाचला जाऊ नये ही माझी तळमळ.

आता माझ्या पहिल्या फजितीकडे येतो. बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक माहीत नाही असा माणूस या भागात नसेल. वैशाखात, रात्रभर चालते. आमच्या गल्लीच्या चित्ररथासाठी मी हौसेने पहिलं चिलखत केलं. बाजारातून १.६ मिलिमीटरची जीआय तार आणली, लेथवर १० मिलिमीटरच्या सळीवर स्प्रिंगसारखी गुंडाळली, कटरने कड्या पाडल्या आणि दोन पकडींनी एकेक कडी उघडून-मिटून विणत गेलो. विण साधी आहे: प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत गुंतलेली. पोरंही मदतीला बसायची. चौदा हजारांच्या आसपास कड्या, आठ किलो वजन. सगळ्यांनी वाहवा केली.

ते घातलं कॉलेजच्या एका पोराने, आत फक्त बनियन. रात्री दहाला निघालेला चित्ररथ, त्यात तो सारखा उजव्या हाताने तलवार उपसून दाखवतोय. मध्यरात्रीनंतर रस्त्यावर बारीक खळखळ ऐकू यायला लागली. कड्या गळत होत्या. पहाटे बघतो तर उजव्या काखेत वीतभर भगदाड, आणि पोराच्या खांद्यावर कड्यांचे लाल ठसे उमटलेले. एकही वार न होता माझं चिलखत फाटलं होतं.

मी इंजिनिअर असून हे आधी का कळलं नाही, याची आजही लाज वाटते. ज्या कडीची दोन टोकं नुसती समोरासमोर आणून टेकवली आहेत, ती कडी म्हणजे हूक. तिला ओढलं की ती उघडणारच. नंतर एक कडी स्प्रिंग-काट्याला लावून ओढली. सहा-सात किलोला तिने तोंड उघडलं. काखेत हात वर-खाली होताना सगळ्या सदऱ्याचं वजन आणि ओढ मोजक्या कड्यांवर येते. तिथून फाटणं अटळ होतं.

जुन्या कारागिरांना हे चांगलं माहीत होतं. लढाईसाठी केलेल्या जुन्या चिलखतात कडी बंद असते. एकतर ती अखंडच असते, किंवा तिची टोकं एकमेकांवर चढवून, चपटी ठोकून, भोक पाडून त्यात रिव्हेट मारलेला असतो. बहुधा एक ओळ अखंड कड्यांची आणि एक ओळ रिव्हेटच्या कड्यांची. यामुळे निम्मीच मेहनत लागते आणि मजबुती जवळपास तीच राहते. हिंदुस्थानी कामात आणखी एक प्रकार आढळतो, तो मला फार आवडतो: अखंड कडीच्या मधोमध एक आडवी दांडी, ग्रीक थीटा अक्षरासारखी. मधली जागा अर्धी होते, म्हणजे टोकदार हत्याराला शिरायला वाव कमी.

तर मग मी दुसरं चिलखत रिव्हेटचं करायचं ठरवलं. आज जगभरचे हौशी लोक वापरतात त्यातल्या बऱ्याच रिव्हेटच्या कड्या भारतातच बनतात, पोत्याने विकत मिळतात. मी घेतल्या नाहीत. विकत घेतलेल्या कडीने मला काही शिकवलं नसतं.

इथे नवशिक्यांसाठी एक सूचना मध्येच. जीआय तार गरम करू नका. वरचा जस्ताचा थर जळतो आणि पांढरा धूर निघतो. मी परसात शेगडीवर हा शहाणपणा केला आणि त्या रात्री थंडी वाजून ताप भरला. साधी काळी तार घ्या.

पद्धत अशी बसली. १.२ मिलिमीटरची काळी तार ९ मिलिमीटरच्या सळीवर गुंडाळायची. लेथ सगळ्यात मंद गतीवर, तार दोन लाकडी ठोकळ्यांत दाबून ताणात धरायची. कापलेल्या कड्या पत्र्याच्या डब्यात भरून भट्टीत लाल करायच्या आणि राखेत रात्रभर सावकाश गार होऊ द्यायच्या. हे केलं नाही तर पुढच्या ठोक्याला तार चिरते. मग टोकं एकमेकांवर चढेपर्यंत कडी आवळायची, आतला व्यास ८ मिलिमीटर राहतो. चढलेला भाग ऐरणीवर एका ठोक्यात चपटा करायचा. दोन ठोके दिले की तो पातळ होऊन पुढे फुटतो, एकात बसला पाहिजे. त्यानंतर सुंभ्याने भोक.

हे भोक म्हणजे सगळ्या कामातली कटकट. मिलिमीटरहून बारीक सुंभा, तो चपट्या भागाच्या नेमक्या मध्यावर बसला पाहिजे. पहिल्या महिन्यात मी चाळीसहून जास्त सुंभे मोडले. ड्रिल लावून पाहिलं, पण ड्रिल धातू कापून टाकतं आणि आधीच अरुंद असलेल्या जागेत काही उरत नाही. सुंभा धातूला बाजूला सारतो, भोकाभोवती कड उभी राहते आणि रिव्हेटला ती धरून ठेवते. हे मला आमच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या शिकलगारांनी दाखवलं. त्यांची हयात धार लावण्यात गेली, चिलखत त्यांनी कधी केलं नव्हतं, पण माझा मोडका सुंभा हातात घेऊन म्हणाले, "टोक लांब ठेवताय तुम्ही. बुटकं करा, तेलात बुडवून मारा." त्या दिवसापासून आठवड्याला एखादाच मोडला.

शेवटी भोकात तारेची तीन मिलिमीटरची खिळी घालायची आणि खळगा पाडलेल्या सांडशीने दाबायची. गोल डोकं तयार होतं. बोटाने चाचपलं तर तांदळाच्या कणीएवढा उंचवटा लागतो. हा उंचवटा लक्षात ठेवा.

हिशेब सांगतो, कारण 'किती दिवस लागले' हा दुसरा ठरलेला प्रश्न. अर्ध्या बाह्यांचा, मांडीपर्यंतचा सदरा. सुमारे २२,००० कड्या. त्यातल्या ११,००० अखंड, त्या मी प्रेसवर पत्र्यातून पाडून घेतल्या (जुने कारागीर हातानेच करत, ही माझी लबाडी कबूल आहे). उरलेल्या ११,००० रिव्हेटच्या. एका कडीला ३३ मिलिमीटर तार, म्हणजे एकूण साडेतीनशे मीटरहून जास्त. हात बसल्यावर तासाला तीस कड्या. म्हणजे नुसत्या रिव्हेटलाच साडेतीनशे तासांच्या वर. विण वेगळी. रोज दोन तास देऊन, सणवार आणि पाहुणे वगळून, मला चौदा महिने लागले. आणि वजन भरलं पावणेसात किलो. पहिल्यापेक्षा तार बारीक, वजन कमी, पण त्याच स्प्रिंग-काट्यावर एक रिव्हेटची कडी चाळीस किलोच्या पुढे गेली तेव्हा कुठे तुटली.

बैठकीतल्या त्या ज्येष्ठांना माझं उत्तर हेच. चिलखताची ताकद वजनात नसते. जोडात असते. युरोपातले काय किंवा आपल्याकडचे काय, नुसत्या कड्यांचे सदरे बहुतेक सात ते बारा किलोंतच बसतात. वर पत्रे चढवले की वाढतं. वीस-पंचवीस किलोंचा सदरा घालून सह्याद्रीचे घाट चढायचे तर माणूस वरती पोहोचेपर्यंतच संपेल. वजनदारच बघायचं असेल तर इंग्लंडात लीड्सच्या रॉयल आर्मरीज संग्रहालयात हत्तीचं चिलखत आहे, हिंदुस्थानातून नेलेलं. उरलेल्या भागाचं वजन ११८ किलो, त्यात ५,८४० पत्रे. ते हत्तीला ठीक आहे.

सदरा अंगात घातल्यावर आणखी एक गोष्ट कळली. सैल सोडला तर सगळं वजन खांद्यावर येतं आणि तासाभरात मान धरते. कमरेला शेला घट्ट आवळला की जवळपास निम्मं वजन कमरेवर जातं आणि माणूस चक्क पळू शकतो. जुन्या चित्रांत चिलखतावर कमरबंद आवळलेला दिसतो तो शोभेसाठी नाही.

आणि कापूस. मी कोंडा भरलेल्या पोत्यावर विणीचे तुकडे बांधून वार करून पाहिले. टेकलेल्या कड्यांचा तुकडा कट्यारीच्या एका सरळ दाबाने उघडला, पातं मुठीपर्यंत आत. रिव्हेटच्या तुकड्यावर तलवारीचा ओढता वार अजिबात चालला नाही. जोरदार सरळ भोसकलं तेव्हा दोन कड्या तुटल्या आणि टोक बोटभर आत गेलं. त्याच तुकड्याखाली जुन्या सुती धोतरांचे पदर शिवून केलेली जाड गोधडी घातली, तर टोक गोधडीच्या पदरांतच थांबलं. कडी पात्याला अडवते, कापूस त्याचा धक्का खातो. एकटं लोखंड अपुरं आहे. चाळीस पदरांचा शब्द लोखंडाला का चिकटला असेल, ते मला त्या दुपारी पटलं.

तिरपा वार केला तेव्हा एक आवाज झाला. कट्यारीचं टोक कड्यांवरून खरखरत घसरलं आणि बाजूला गेलं. मी तिथेच थांबलो. प्रतापगडाखालची १० नोव्हेंबर १६५९ ची भेट आपण लहानपणापासून ऐकतो. सभासदाने १६९७ च्या सुमारास लिहिलेल्या बखरीत खानाने जमदाड चालवली ती महाराजांच्या अंगाला लागली नाही, कुडतीवरच घासत गेली अशा अर्थाचं वर्णन आहे. इतकी वर्षं ते वाक्य मी डोळ्यांनी वाचत होतो. त्या दिवशी कानाने वाचलं. मिठीत धरलेल्या माणसाला कुशीत मारायचं म्हणजे हाताला ना पल्ला मिळतो, ना सरळ कोन. वार तिरपाच बसणार, आणि बंद कडीवर तिरपा वार घसरतो. माझा वार म्हणजे खानाचा वार नव्हे, माझं पोतं म्हणजे काही महाराज नव्हेत. पण बखरकार ज्या आवाजाचं वर्णन करतो तो लोखंडी कड्यांचा आहे, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो.

पावसाळ्याबद्दल दोन शब्द. बेळगावच्या जूनमध्ये चिलखत आठवड्यात तांबूस होतं. जुन्या काळी युरोपात चिलखत वाळूबरोबर पिंपात घालून लोळवत. आमच्याकडे फाउंड्रीत कास्टिंग साफ करायचं फिरतं पिंप असतंच. त्यात वाळू आणि भाताचा कोंडा घालून वीस मिनिटं फिरवलं, लखलखीत निघालं. वर करडईच्या तेलाचा हात. पण हे फक्त स्वतः केलेल्या चिलखताला. जुन्या वस्तूला यातलं काहीही करायचं नाही, ब्रशसुद्धा नाही. गंजाबरोबर पुरावाही निघून जातो.

आता जुनी वस्तू कशी वाचावी ते एका खऱ्या उदाहरणावरून. निपाणीजवळच्या एका गावात एका जुन्या घराण्याच्या देवघरात चिलखत आहे. घराण्याचं नाव देत नाही, तशी कबुली दिली आहे. खंडेनवमीला ते पाटावर ठेवून पूजा होते, हळदकुंकू वाहतात, खोबरेल तेल लावतात. पिढ्यान्पिढ्यांचं तेल आणि धूळ यांचा चिकट थर बसलाय, आणि त्याच थराने ते वाचलंय. घरातल्या आजी ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्या नातवाने मला बोलावलं. चिलखताचे फोटो इंटरनेटवर टाकायचे होते आणि शेजारी ठेवायची पाटी आधीच रंगवून तयार होती: अमुक लढाईत मूळ पुरुषाच्या पाठीवर बसलेला भाल्याचा घाव. पाठीवर मानेखाली खरोखरच एक भोक होतं, दोन बोटं जाईल एवढं.

मी भिंग आणि व्हर्नियर काढला. अंगाचा भाग पाहून जीव सुखावला. एक ओळ अखंड, एक ओळ रिव्हेटची, बाहेरचा व्यास ९ ते साडेनऊ मिलिमीटर. कणीएवढे उंचवटे, प्रत्येकाचं डोकं जरा वेगळं. हाताचं काम. बाह्यांचा कोपरापुढचा भाग मात्र निराळा: एक कडी लोखंडाची, एक पितळेची, चौकटीची नक्षी. याला गंगाजमनी म्हणतात. आणि त्या कड्यांना जोडच नव्हता, टोकं नुसती टेकवलेली, माझ्या चित्ररथासारखी. असं काम अठराव्या-एकोणिसाव्या शतकात मिरवण्यासाठी बरंच झालं. म्हणजे अंग जुनं, बाह्या नंतर लावलेल्या.

मग भोक. भाला घुसला तर कड्या तुटतात, तुटलेली टोकं आत वळतात, शेजारच्या कड्या वाकतात. इथे तसं काहीच नव्हतं. भोकाभोवतीच्या कड्या वरच्या अंगाला झिजून दोऱ्याएवढ्या झालेल्या, आणि सगळ्या एकाच दिशेला लांबलेल्या, वरच्या बाजूला. सात-आठ किलोंचा सदरा तीन-चार कड्यांवर शंभर वर्षं टांगला तर असंच दिसेल. मी मान वर केली. देवघराच्या भिंतीत सागवानी खुंटी होती आणि तिच्यावर लोखंडाने घासून पडलेली खोबण.

खरं सांगतो, मला गप्प बसावंसं वाटलं. पाटी रंगवून तयार, नातू कॅमेरा घेऊन उभा, आजी हात जोडून बसलेल्या. आणि नाही म्हटलं तर हे दार पुन्हा उघडेल याची खात्री नव्हती. पण भिंगातून दिसलेलं आता न पाहिल्यासारखं करणं जमेना. मी आधी बाह्यांचं सांगितलं, मग खुंटीचं.

नातवाचं तोंड उतरलं. आजी थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बाह्या आमच्या आजेसासऱ्यांनी लावल्या असतील बगा. लई हौशी माणूस. आणि खुंटीचं म्हनाल तर सासूबाई आमास्नी वरडायच्या, त्येला हात लावू नका, जड हाय, खुंटी मोडंल." जरा थांबून त्यांनी हळूच विचारलं, "मग आमचा मूळ पुरुष काय नुसता घरात बसला हुता व्हय?"

मी म्हटलं, आजी, थांबा. मला उजवी काख बघायची होती. चिलखत हळूच उलगडून भिंग धरलं. काखेत एका जागी पाच कड्या वेगळ्या होत्या. तार जराशी जाड, रिव्हेटचं डोकं चपटं, दुसऱ्या कुठल्यातरी कारागिराच्या हातचं. त्यांच्याभोवतीच्या जुन्या कड्या आतून गुळगुळीत झिजलेल्या. टांगून ठेवलेल्या चिलखताची काख झिजत नाही. ती झिजते आतला हात सारखा वर-खाली झाला तर. आणि ती दुरुस्ती रिव्हेटची होती, बाह्यांसारखी टेकवलेली नव्हती. म्हणजे कुणीतरी हे चिलखत घालून इतका वावरला की ते काखेत तुटलं, आणि ते पुन्हा घालायचं होतं म्हणून त्याने ते पक्कं करून घेतलं. माझं एका रात्रीत तिथेच फाटलं नसतं तर मी तिथे बघितलंही नसतं.

आजींना हे समजावून सांगायला मी शब्द शोधत होतो, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "सदरा काखंतच फाटतोय की. राबनाऱ्याचा." आणि पदराने डोळे पुसले.

आता ते चिलखत खुंटीवर नसतं. सुती कापडात, पेटीत आडवं ठेवलंय, घडी पडेल तिथे कापडाच्या गुंडाळ्या. खोबरेल तेल बंद करायला आजी तयार नाहीत, आणि मीही फार आग्रह धरला नाही. पाटीवरची 'भाल्याचा घाव' ही अक्षरं नातवाने पांढऱ्या रंगाने पुसली. त्या जागी काय लिहायचं यावर घरात अजून एकमत झालेलं नाही.